थैली खाली ठेवायची

बाबांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांशी सगळं बोलणं मीच केलं, आणि ते इंग्रजीत केलं. प्रोस्टेट, ब्लॅडर, युरिन हे शब्द इंग्रजीत म्हणताना मला काही वाटत नव्हतं. कॉन्व्हेंटमधल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ते आकृतीला बाण काढून लिहिलेले असत आणि मला त्यात चांगले मार्क होते. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, “काय म्हणाले?” तेव्हा मात्र माझ्याजवळ एकही शब्द नव्हता.

“ऑपरेशन सोपं आहे. चौथ्या दिवशी नळी काढतील,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. नळी निघणार एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी बाबांची लघवी अडली होती. तेव्हापासून सहा आठवडे ते नळी आणि थैली घेऊन वावरत होते. बाबा संस्कृतचे शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. आमचं घर बनारसला, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, आणि इतक्या वर्षांत सकाळी ते घाटावर उतरले नाहीत असं मला आठवत नाही. नळी लागल्यावर उतरणं बंद झालं. थैली खादीच्या झोळीत घालून ते फक्त भाजी आणायला जात. एकदा चौकात त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला, आता स्वतःच पन्नाशीला आलेला. “गुरुजी, आप झोला काहे उठाए हैं, लाइए,” म्हणून त्याने प्रेमाने झोळी खांद्यावरून ओढली. झोळीबरोबर नळी ओढली गेली. बाबा भर चौकात मटकन खाली बसले. घरी आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं की उद्यापासून भाजी तू आण.

घरात आम्ही दोघंच होतो. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आई असताना शरीराच्या गोष्टी तिच्यामार्फत एकमेकांपर्यंत पोचत. ती गेल्यावर त्या पोचायच्याच थांबल्या. ‘लघवी’ हा शब्द मी बाबांसमोर कधी उच्चारला नव्हता आणि त्यांनी माझ्यासमोर नाही. नळीला आम्ही शक्यतो ‘ती’ म्हणत असू. थैलीला ‘थैली’.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. त्यानंतरचे तीन दिवस मूत्राशय सतत धुवायचं असतं हे मला तिथे कळलं. पलंगाच्या डोक्याशी लोखंडी स्टँडवर सलाइनची तीन लिटरची मोठी पिशवी टांगलेली. ते पाणी एका नळीने थेंब थेंब नव्हे, चांगलं वाहत आत जायचं, आणि आतलं रक्त घेऊन दुसऱ्या वाटेने पलंगाच्या बाजूला आकड्याला लटकवलेल्या थैलीत उतरायचं. जितकं जाईल तितकं आलं पाहिजे. रक्ताची गाठ अडकली किंवा खालची थैली तुडुंब भरली तर बाहेर यायची वाट बंद होते, वरून पाणी मात्र जातच राहतं.

सिस्टर पन्नाशीची, बनारसचीच, कुणाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त न बोलणारी. तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं, “देखो बिटिया, थैली बिस्तर से नीचे रहे, और बराबर खाली करती रहो। भरने मत देना। एक वार्ड में चौदह मरीज़ हैं, हम हर बखत नहीं देख पाएँगे।”

मी नीट केलं. पहिल्या दिवशी थैलीत उतरणारं पाणी जास्वंदीसारखं लाल होतं. दुसऱ्या दिवशी डाळिंबाच्या दाण्यासारखं. दर तासा-दीड तासाने मी वाकून थैलीच्या तळाची तोटी उघडायचे, प्लास्टिकच्या मगात पाणी घ्यायचे, मगावरची रेघ बघायचे, कागदावर आकडा लिहायचे आणि मोरीत ओतून यायचे. मी वाकले की बाबा तोंड भिंतीकडे करत. तोटी बंद झाल्याचा आवाज झाला की परत सरळ होत. एकदाही चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रंग गुलाबी झाला. फेरीला आलेले डॉक्टर म्हणाले, उद्या नळी काढू. बाबांनी मला पंचांग आणायला सांगितलं. उद्या तिथी कोणती, एवढंच बघायचं होतं म्हणाले.

त्याच सकाळी साताऱ्याहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण. दोन रात्रींच्या प्रवासाने नऊवारीला सुरकुत्या पडलेल्या, हातात लाडवांचा डबा. लहानपणापासून मी तिला चार-पाच वेळा पाहिलं असेल.

“हे काय रे,” ती पलंगाशी उभी राहून बाबांना म्हणाली, “लोक काशीला येऊन गंगेचं पाणी पितात. तू मला असलं पाणी बघायला बोलावलंस होय?”

बाबा तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. हसताना पोटात दुखलं म्हणून ओठ चावले. “अक्का, बस आधी. चहा घे.”

“चहा घेते. ही पोर बघ कशी झालीय. डोळे खोल गेलेत. तीन दिवस इथेच आहेस ना गं? जा, घरी जा, अंघोळ कर, दोन घास खा. मी आहे.”

“नको, आत्या, तुम्ही आताच आलात.”

“तुम्ही! मी काय कलेक्टरीण आहे? ‘तू’ म्हण. आणि मला काही काम सांग, नाहीतर मी इथे बसून याचं डोकं खाईन.”

मला जायचं होतं. खरं सांगायचं तर फार जायचं होतं. मी नुकतीच थैली रिकामी केली होती. आत्याला सांगायचं होतं, ते साधंच होतं: वरची पिशवी संपत आली की सिस्टरला सांग, खालच्या थैलीत लघवी आणि रक्ताचं पाणी जमतं, ती भरू देऊ नकोस, अशी तोटी उघड, असा मग धर. पण हे सांगायचं तर ‘लघवी’ म्हणावं लागणार होतं, तोटी कुठे आहे ते बाबांच्या मांडीशी वाकून दाखवावं लागणार होतं, आणि बाबा जागे होते. शेजारच्या पलंगावरच्या माणसाकडे त्याचे चार नातेवाईक बसले होते, ते आमच्याकडेच बघत होते. मी दुसरीकडे बघत म्हटलं, “वरची संपली की सिस्टरला सांगायचं. आणि ही थैली खाली ठेवायची. बस्स.”

“बस्स? एवढंच?”

“हो, एवढंच.”

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

आमच्या घरात ग्लास खाली करतात. खोली खाली होते, रिक्षा खाली मिळते, डबा खाली करून घासायला टाकतात. हा शब्द हिंदीतून कधी घरात आला कुणास ठाऊक, माझ्या आधीपासून तो घरातच होता. मला तो मराठीच वाटायचा. ‘रिकामा’ मी पुस्तकात वाचलेला होता, बोलताना तो माझ्या तोंडात येत नसे. साताऱ्यात खाली म्हणजे खाली. जमिनीकडे.

मी अकराला निघाले. घरी अंघोळ केली, कालचा भात फोडणीला टाकून खाल्ला. एक वाजता परत निघता आलं असतं. पण निघाल्यावर मी दवाखान्याकडे वळले नाही, घाटाच्या पायऱ्या उतरले आणि मधल्या एका ओट्यावर बसले. मला काही बघायचं नव्हतं, म्हणजे लाल काही बघायचं नव्हतं. नावा होत्या, पाणी होतं, एक नाविक दुसऱ्याला ओरडून काहीतरी सांगत होता. उद्या नळी निघेल, असं मी मनात म्हणत होते आणि मला हलकं वाटत होतं. किती वेळ बसले ते मला नेमकं माहीत आहे, पाऊण तास. पुढे ही पंचेचाळीस मिनिटं मी इतक्या वेळा मोजली आहेत की त्यात चूक व्हायची नाही.

वॉर्डात शिरले तेव्हा आत्या बाबांचे तळपाय चोळत होती. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर घाम, दात आवळलेले.

“बघ ना गं,” आत्या म्हणाली, “अर्ध्या तासापासून कळा येताहेत म्हणतोय. सिस्टरला सांगू का म्हटलं तर नको म्हणतो. गॅस धरला असेल, म्हणून ओवा दिला.”

मी पलंगाच्या बाजूला बघितलं. आकड्याला थैली नव्हती.

“थैली कुठे आहे?”

“ही काय, खाली,” आत्या म्हणाली. “तू सांगितलंस तशी. वर लटकत होती, ती काढून खाली ठेवली.”

तिने पलंगाखाली जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर थैली आडवी ठेवली होती. आणि भावाची लाज राहावी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून वर आपला धुतलेला पंचा व्यवस्थित घडी उघडून घातला होता. मी पंचा ओढला. थैली फुटेल इतकी टम्म फुगलेली होती, आतलं पाणी पुन्हा गर्द लाल. वर स्टँडवर नवी पिशवी होती. आत्याने सांगितल्याप्रमाणे सिस्टरला बोलावून ती बदलून घेतली होती. तीही अर्ध्यावर आली होती.

मी वरची चकती फिरवून पाणी बंद केलं. तोटी उघडली. प्लास्टिकचा मग भरला, वर्तमानपत्र भिजलं, माझी सलवार भिजली. थैली मोकळी झाली, पण तिच्यात वरून काही येईना. मी चादर बाजूला केली. तीन दिवस मी जे बघायचं टाळलं होतं ते सगळं समोर होतं, आणि बेंबीच्या खाली पोट घागरीसारखं वर आलेलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. त्यांना तेवढं भान नव्हतं. ते माझ्याकडे बघत “आई गं, आई गं” म्हणत होते.

सिस्टर धावत आली. “अरे, खाली काहे नहीं किया?” ती ओरडली. आत्या गोंधळून म्हणाली, “खालीच तो किया था.” सिस्टरने तिच्याकडे असं बघितलं की मला आजही ते आठवलं की मान खाली जाते. मग मोठी सिरिंज आली, नळीत पाणी जोराने ढकलायचं आणि खेचायचं, ढकलायचं आणि खेचायचं. काळ्या जांभळांसारख्या गाठी बाहेर आल्या. पण रक्त थांबेना. चार वाजता त्यांना परत थिएटरमध्ये नेलं.

डॉक्टर दारातून बाहेर आले ते चिडलेले होते. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, पेशंटजवळ कोण होतं?

मी म्हटलं, “माय आंट.”

दोन शब्द. आत्या माझ्या शेजारीच उभी होती, माझ्या दंडाला धरून. डॉक्टर तिच्याकडे बघत म्हणाले की अशिक्षित नातेवाइकांवर पेशंट सोडून जाऊ नये, तुझ्यासारख्या मुलीला हे समजायला हवं. मी “येस, डॉक्टर” म्हटलं. ते गेल्यावर आत्याने विचारलं, “काय म्हणाले गं?”

“काही नाही. वेळ लागेल म्हणाले.”

“माझ्याकडे बघून बोलत होते.”

“नाही, आत्या.”

बाकावर बसल्यावर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “तू खाली ठेव म्हणालीस, मी खाली ठेवली. भरल्यावर ओतायची असते हे मला मेलीला कळायला नको? अक्कल गहाण टाकलेली. नळाखालची बादलीसुद्धा भरली की आपण उचलतो.” मला त्या क्षणी सगळं कळलं. माझा एक शब्द आणि तिचा तोच शब्द, दोन्ही एकाच वेळी ऐकू आले. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं: आत्या, खाली म्हणजे रिकामी, चूक माझी. मी म्हटलं, “तुम्ही चहा घेणार का?”

पुढचं सांगण्यात अर्थ नाही, पण सांगते. मूत्राशय धुणं आणखी सहा दिवस चाललं. रक्ताच्या चार बाटल्या चढवल्या. आत्या त्या सहा दिवसांत थैलीजवळून हलली नाही. अर्धी भरली की ओतायची, पाव भरली की ओतायची, रिकामीच असली तरी तोटी उघडून बघायची. बाबाही हळूहळू तोंड भिंतीकडे करेनासे झाले. घरी आल्यावर नातेवाइकांचे फोन आले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण सगळ्यांना माहीत होतं की आत्याच्या हातून चूक झाली. पुण्याचे काका तिला फोनवर म्हणाले, “अक्का, तुझं वय झालं, कशाला गेलीस मध्ये मध्ये करायला?” ती “खरंय रे” म्हणाली. मी स्वयंपाकघरात होते. फोन दिवाणखान्यात होता. पाच पावलांचं अंतर.

नळी पंधरा दिवसांनी काढली. बाबांना लघवी झाली नाही. संध्याकाळी नळी परत घातली. महिन्याने पुन्हा काढली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले की मूत्राशय ताणलं गेलं की त्याचे स्नायू कधी कधी जोर धरत नाहीत. किंवा कदाचित ते आधीपासूनच कमजोर असतील, सांगता येत नाही. सांगता येत नाही, हे त्यांनी मला इंग्रजीत दोनदा सांगितलं. बाबांना मी मराठीत काय सांगितलं ते मला आठवत नाही. तेव्हापासून दर महिन्याला नळी बदलायची, एवढाच उपाय आहे. आत्या साताऱ्याला गेली ती परत आली नाही. निघताना बाबांच्या पाया पडायला लागली. थोरली बहीण. बाबांनी तिचे हात धरले, म्हणाले, “वेडी झालीस का, अक्का?” आणि दोघंही रडली. मी टांग्याशी सामान ठेवत होते.

बाबा आता घाटावर जात नाहीत. गच्चीवर जातात, तिथून नदी दिसते. थैली मीच बघते.

गेल्या पावसाळ्यात एकदा मी तोटी बंद करून उठले तेव्हा ते म्हणाले, “त्या दिवशी तू अक्काला खाली ठेवायची म्हणालीस ना?”

मी मगाकडे बघत राहिले.

“मला तेव्हाच वाटलं, हिला ते कळायचं नाही. तिकडे तसं म्हणत नाहीत.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

ते म्हणाले, “काय बोलणार? तुम्हा दोघींसमोर कशाची थैली, कशी ओतायची, हे मी सांगत बसणार? म्हटलं, तुझं तू बघशील. आणि पुढे कळा यायला लागल्या तेव्हा मला माहीत होतं काय झालंय. अक्का पाय चोळत होती. तिला कसं सांगू, की माझी…” ते थांबले. शब्द आजही आला नाही. “तू येशील असं वाटत होतं.”

मी तो मग धुवायला गेले. नळ सोडून तिथेच उभी राहिले. माझी ती पाऊण तासाची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

त्याच आठवड्यात मी आत्याला फोन लावला. वाक्य लिहून घेतलं होतं, कागद हातात होता.

“आत्या, तुमची चूक नव्हती. मी खाली ठेवायची म्हटलं ना, ते रिकामी अशा अर्थाने. इकडे रिकामीला खाली म्हणतात. मी चुकीचं सांगितलं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुमचं नाव मी पुढे केलं.”

आत्या म्हणाली, “किती गुणाची पोर आहेस गं.”

“नाही आत्या, खरंच. बाबांनाही माहीत आहे. विचारा त्यांना.”

“तो तर काय, लहानपणापासून मला पाठीशी घालतो. माझ्या हातून बरणी फुटली तरी ‘मीच फोडली’ म्हणायचा. आता तुम्ही दोघं मिळून मला समजवायला लागलात होय?” ती हसायचा प्रयत्न करत होती. “बाळ, मी सत्तरीची बाई. डोळ्यांसमोर पिशवी होती. झाकून ठेवली मी. माझ्याच हातांनी झाकली. त्याला तू काय करणार?”

“आत्या, ऐका ना…”

“अगं, ‘तू’ म्हण म्हटलं होतं ना? आणि माझ्यासाठी असलं खोटं बोलू नकोस, पाप लागतं. त्याला बरं आहे ना? पुढची नळी कधी बदलायचीय?”

मी कागदाची घडी घातली.

“मंगळवारी,” मी म्हटलं.

“मंगळवारी,” ती म्हणाली, आणि तिने ते कुठेतरी लिहून घेतल्यासारखं मला वाटलं. “झालं की कळव.”